डब्यातली मागची खोली

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणायचे. पाठीमागे नाही, तोंडावर. तीही ओ द्यायची, कारण तिचं कामच कापायचं होतं.

टीव्हीला जोडून गेम खेळायचं जे यंत्र दुकानात कन्सोल म्हणून विकतात, त्याला तिच्या ऑफिसात डबा म्हणत. डब्याची मेमरी ठरलेली. कारखान्यातून जेवढी घेऊन आला तेवढीच, शेवटपर्यंत. आणि गेम बनवणारी माणसं म्हणजे लांबच्या प्रवासाला निघालेलं कुटुंब. एकालाही एक पिशवी कमी करायची नसते. चित्रवाल्यांना प्रत्येक भिंतीवर वेगळी ओल हवी. आवाजवाल्याला प्रत्येक पायरीचा वेगळा आवाज हवा. आणि तिच्या दिराला माणसं हवीत, तीही जिवंत. हे सगळं डब्यात कोंबून वरून झाकण लागेल इतकं कापून द्यायचं, हे कात्रीचं काम. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

दीर त्याच ऑफिसात गेमच्या गोष्टी रचायचा. आधी ती लागली, मग तिनं त्याला चिकटवला. तो भर मीटिंगमध्ये तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भावजी. त्यामुळे अख्खं ऑफिसच त्याला भावजी म्हणायला लागलं, अगदी पाणी भरणारा माणूससुद्धा. ऑफिस म्हणजे टायरच्या गोदामावरचा एक मजला. ऊन चढलं की खालून रबराचा वास यायचा आणि कॉम्प्युटरचे पंखे तो वास सगळ्यांना सारखा वाटून द्यायचे. तेवढी एकच गोष्ट तिथे सगळ्यांना सारखी मिळायची.

मेमरी तशी मिळत नसे. दर सोमवारी मेमरीसाठी मीटिंग व्हायची आणि त्या मीटिंगचं नाव होतं वाटणी. भावाभावांत जमिनीची होते तशीच. आरडाओरडा, जुनी उणीदुणी, 'मागच्या वेळी तुम्हाला दिलं होतं' वगैरे. टेबलाच्या टोकाला साहेब बसायचे. हे कंपनीचे मालक. त्यांचं टोपणनाव 'पुढच्या वर्षी', कारण पगारवाढ, नव्या खुर्च्या, खिडकीचा पडदा, सगळ्याला त्यांचं तेच उत्तर असायचं.

भावजीचा गेम जन्माला आला तोही या 'पुढच्या वर्षी'च्या भरवशावर.

*

गेमच्या धंद्यात एक लबाडी आहे. खेळणाऱ्याला जेवढं दिसतं तेवढंच यंत्र उभं करतं. तुम्ही गल्लीतून चालताय, दुकानं आहेत, माणसं आहेत. पाठ फिरवली की मागची गल्ली पुसून टाकलेली असते. परत वळलात की घाईघाईनं पुन्हा उभी. तुम्ही बघत नसाल तर तिथे कोणी नसतंच. सगळे गेम असेच चालतात आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही.

भावजीला वाटायला लागलं. त्याची आई गेली तेव्हा घरात तिघंही होती. थोरला भाऊ, म्हणजे कात्रीचा नवरा, टीव्हीसमोर. भावजी फोनवर. कात्री ओट्याशी. आई आतल्या खोलीत पडलेली, मघाशीच जिना चढून आलेली. तिघं चहाला हाक मारायला गेली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. भिंतीपलीकडे, इतक्या जवळ.

"आपण पाठ फिरवली होती वहिनी, तरी मागे सगळं चालूच होतं," तो एकदा तिला म्हणाला होता. "गेममध्ये हेच कोणी करत नाही."

आणि तो जिना. आईला जिना चढायचं काही कारण नव्हतं. इमारतीला लिफ्ट होती, बंद पडलेली. आणि घरात थोरला मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा. चेष्टा तरी किती झाली असेल या गोष्टीची! आई स्वतःच करायची. "गावाला वर नेतो, आईला पायी चढवतो." तो म्हणायचा, "आई, तिचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे आहे, मी नुसता हात लावला तरी माझी नोकरी जाईल." खरंच जाईल, हे आईलाही माहीत होतं. पण ती गेल्यावर त्या चेष्टेचं काय करायचं ते कोणालाच कळेना. घरात लिफ्ट हा शब्द बंद झाला. कामावरून आलेल्या माणसाला 'आज कुठे होतास' असंसुद्धा कोणी विचारत नसे.

तर भावजीनं गेम रचला तो असा. एक गल्ली. एक माणूस लिफ्ट दुरुस्त करायला येतो, तो म्हणजे खेळणारा. तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहते, तिला काठीशिवाय चालता येत नाही, लिफ्ट बंद म्हणून ती वरच अडकलीय. तुम्ही गल्लीत सामान शोधत फिरता. पण तुम्ही बघा न बघा, ती बाई वर जगत असते. उठते, कुंडीला पाणी घालते, कंटाळते, खिडकीत येते, तुमची वाट बघते. गल्लीतला न्हावी, गल्लीतली शाळामास्तरीण, सगळे तसेच. आणि शेवटी लिफ्ट चालू होते, बाई खाली उतरते, गल्लीत येऊन उभी राहते आणि इकडे तिकडे बघते. बस्स. एवढाच शेवट.

"हा दादासाठी आहे," तो कात्रीला म्हणाला. "पण त्याला सांगू नकोस. तो खेळेल तेव्हा कळेल त्याला."

"ते कधी खेळलेत? म्हणतात, दिवसभर बटणं दाबतो, घरी येऊन परत बटणं कुठे दाबू?"

"हा खेळेल."

तिनं हिशेब मांडला. जुन्या डब्यात हे मावणं शक्यच नव्हतं. पण नवा डबा येणार होता, त्याची मेमरी कितीतरी पट. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी. या वेळी साहेब एकटे नव्हते. डबा बनवणारी कंपनीही मोठा मंच बांधून, दिवे लावून तेच म्हणाली होती.

*

पुढचं वर्ष आलं. नवा डबा आला नाही.

त्याच्या पुढचंही आलं. कंपनीनं पुन्हा मंच बांधला आणि जुन्याच डब्याला नवा रंग देऊन उभा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जुना डबा बाजारात आला तेव्हा साहेबांच्या मुलीला दात येत होते. आता ती दातांना तार लावून हिंडत होती. यंत्र एवढं जगलं की काय होतं, ते बाहेरच्यांना दिसत नाही. सुरुवातीची वर्षं चाचपडण्यात जातात. मग मधली वर्षं येतात, डब्याचा एकेक कोपरा पाठ झालेला असतो, हत्यारं हाताला बसलेली असतात, चार माणसांची कंपनीही काहीतरी बरं करून दाखवते. त्या वर्षांत चांगले गेम निघाले, हे नाकारणारा खोटारडा. कात्रीच्या घराचे हप्तेही त्याच वर्षांनी फेडले. पण मग थांबायला हवं होतं. थांबतो कोण? डबा खपतोय ना, मग खपू दे. नवा बनवायला खर्च, जुना बनवायला स्वस्त. मंचावरच्या माणसाला कसली घाई!

मग गेमला पैसे पुरवणाऱ्या कंपन्या भित्र्या झाल्या. म्हाताऱ्या डब्यावर नवी गोष्ट कोण लावतो? ज्याचा भाग चार चालला त्याचा भाग पाच काढा, मग सहा काढा. बंदुकीचा रंग बदला. लोकांना कंटाळा आला, तर म्हणायचं लोकांना गेमचाच कंटाळा आलाय. भागीदार कंपन्या एकेक करून कुलूप लावत होत्या, आणि टायरच्या गोदामावर नव्यानं लागलेली पोरं चित्र काढण्याआधी चित्र लहान कसं करायचं ते शिकत होती. चित्रवाल्यांतल्या एका नव्या मुलीला कात्रीनं सहज विचारलं, "तुला मनापासून काय बनवावंसं वाटतं गं?"

ती जरा विचार करून म्हणाली, "मावत असेल ते."

कात्री हसली. मग तिला हसू आलं याचंच वाईट वाटलं.

अखेर पैसेवाल्या कंपनीनं साहेबांना बोलावून घेतलं. साहेब परत आले ते थेट वाटणीच्या टेबलावर येऊन बसले. त्या दिवशी सोमवारही नव्हता.

"गल्लीचा गेम जुन्या डब्यावर येणार," ते म्हणाले. "घराघरांत तोच आहे. नव्याची वाट बघायला ते तयार नाहीत."

"साहेब, ती मावत नाही," भावजी म्हणाला.

"कात्री आहे की."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिला क्षणभर बरं वाटलं, हे लिहायलाच हवं. इतकी वर्षं एका डब्यात घालवल्यावर माणसाला तेवढाच अभिमान उरतो.

*

तिनं कापायला घेतलं. भिंतींवरची ओल सगळीकडे एकच केली. आकाशाचे ढग निम्मे केले. न्हाव्याचा आरसा आंधळा केला. आवाजवाला तर रडकुंडीला आला. ठोकण्याचे म्हणून त्यानं पंधरा-वीस आवाज जमवले होते. दारावरची टकटक, हातोडी, दुकानाची फळी, चेंडू. ती म्हणाली, ठोकण्याचा एकच मिळेल, सगळ्यांत चांगला निवड.

सगळ्यांत चांगला होता तो भावजीनं आणलेला. आई असताना त्यानं जिन्यात फोन धरून तिच्या काठीचा आवाज भरून घेतला होता. आई वरच्या पायरीवरून ओरडली होती, "माझ्या काठीचे फोटो कसले काढतोस?"

"फोटो नाही आई, आवाज."

"मग माझा घे की. ती काय बोलणार आहे?"

त्यातलं आईचं बोलणं काढून नुसतं ठक ठेवलं होतं. आता तेच ठक सगळ्या गल्लीला लावलं. पोस्टमन दार वाजवो नाहीतर सुतार खिळा ठोको, आवाज त्या काठीचाच. भावजीनं दोन दारं ऐकली आणि म्हणाला, "राहू दे. बरंच आहे की. सगळीकडे फिरू दे तिला."

आणि कात्रीनं एक गोष्ट गुपचूप केली. काम सुरू करतानाच मेमरीचा एक तुकडा बाजूला काढला, त्यात काहीही भरलं नाही, आणि वर कोणाला उघडावंसं वाटणार नाही असं एक कंटाळवाणं नाव टाकलं: जुनी अक्षरं. मनात ती त्याला मागची खोली म्हणायची. बाईचं अख्खं घर, तिचं उठणं-बसणं, तिचं खाली उतरणं, सगळं बसेल एवढी ती खोली होती. शेवटच्या वाटणीला, सगळ्यांचं भांडून झाल्यावर, ती कुलूप काढणार होती.

आधी का सांगितलं नाही? कारण तिचं तोंड पोळलेलं होतं. मागच्या गेमच्या वेळी तिनं प्रामाणिकपणे सांगितलं की एवढी जागा मोकळी झाली, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत चित्रवाल्यांनी तिथे डबकी भरली होती. आणि भावजीला सांगावं तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. एका डब्यावर इतकी वर्षं काढली की टंचाई अंगात मुरते. जवळचा माणूस समोर तळमळत असतो आणि आपण म्हणतो, थांब, आत्ता नाही.

ती त्याला जिन्यात भेटली. खाली गोदामात कोणीतरी टायर लोटत होतं.

"भावजी, तिसऱ्या मजल्याचं बघावं लागेल."

"म्हणजे?"

"ती खिडकीत दिसेल. केस विंचरेल. पण घरात हिंडणार नाही. एक चित्र फिरत राहील तेवढंच."

"वहिनी, ती शेवटी खाली उतरते."

"ते आत्ता धरू नका."

"आत्ता नको म्हणजे, नंतर धरू?"

ती सांगणारच होती. वरच्या पायरीवरून आवाजवाला खाली येताना दिसला. "आत्ता जागा नाही," ती म्हणाली.

भावजी कठड्याला टेकला आणि म्हणाला, "अखेर तू सासूला कापलीस तर. केवढ्या सुनांचं राहून गेलेलं काम!"

ती हसली, तोही हसला. आवाजवाला काहीच न कळून त्यांच्याबरोबर हसला आणि खाली उतरून गेला. नंतर तिला पुष्कळ वेळा वाटलं, तो विनोद करतोय म्हणजे त्याला फारसं लागलेलं नाही, असं आपण धरलंच कसं? लग्न होऊन घरात आले तेव्हा हा कॉलेजात होता. लागलं की हा विनोद करतो, हे घरात मलाच तर सगळ्यांत आधी कळलं होतं.

*

त्यानंतर कामाचा रेटा असा आला की दोघांची गाठ फक्त वाटणीत पडायची. भावजी तिथे गप्प बसू लागला. काही मागेना. चित्रवाले म्हणाले, भावजी शहाणे झाले. कात्रीला वाटलं, थकलाय. थोडंच राहिलंय.

गेममधली बोलणी तिच्याकडे यायची, पण वजन म्हणून. कोण काय बोलतंय ते ती ऐकत नसे; किती जागा खातंय ते बघायची, जड असेल तर परत पाठवायची. न्हाव्याचं बोलणं नव्यानं आलं, तिनं वजन बघितलं. मास्तरणीचं नव्यानं आलं, वजन बघितलं. पोस्टमनचं, सुताराचं, सगळ्यांचं. सगळं आधीपेक्षा हलकं होतं. तिला आनंद झाला.

शेवटची वाटणी झाली. भांडणं झाली, साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, माणसं उठली. कात्री भावजीच्या टेबलाशी गेली, दोन हातांत दोन चहा. त्याच्या कॉम्प्युटरला चिकटवलेला आईचा छोटा फोटो तिथे नव्हता, ते तिला नंतर आठवलं.

"भावजी, एक गंमत सांगायचीय."

"आधी हे ऐक. आजच पक्कं झालं." त्यानं आपला हेडफोन तिच्या कानांवर ठेवला.

गल्ली होती. लिफ्टवाला हत्यारांची पेटी घेऊन पहिल्याच दाराशी आला. न्हावी दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसलेला. तो वर बघून म्हणाला, "लिफ्टसाठी आलात? काल यायला हवं होतं हो. काल गेल्या त्या."

तिनं वर बघितलं. तिसऱ्या मजल्याची खिडकी बंद होती.

"ते केस विंचरणारं चित्र मला बघवेना वहिनी," भावजी सांगत होता. "तोच हात, तोच कंगवा, परत तोच हात. आई अशी नव्हती. म्हटलं त्यापेक्षा नकोच. गोष्ट एक दिवस पुढे ढकलली. ती गेलीय, लिफ्टवाला उशिरा आलाय, आणि गल्ली तिच्याबद्दल बोलतेय. साहेब तर नाचायलाच लागले. म्हणाले, मेलेल्या माणसाला मेमरी लागत नाही."

तिनं हेडफोन काढला. "मी जागा ठेवली होती."

"कसली?"

"तिची. पूर्ण. ती चालेल, खाली उतरेल, एवढी."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

पलीकडे कोणीतरी छापायच्या यंत्रात कागद भरत होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर सोमवारी गेली असती."

"मला बोलली असतीस. एकट्याला."

चहा टेबलावर ठेवून ती म्हणाली, "अजून घाला ना तिला. मी सगळं करून देते. घरी नेऊन करते."

"कशात घालू? न्हावी रडलाय, मास्तरीण रडलीय, पोस्टमन तिचं पत्र परत घेऊन जातो. आवाज देणारे कलाकार पैसे घेऊन गेले. चार भाषांत गेलंय ते." त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "मी तिला दुसऱ्यांदा पोचवून आलोय वहिनी. आता तू म्हणतेस श्वास चालू होता."

"आणि दादा?" ती म्हणाली. "ते खेळले तर? लिफ्टवाला उशिरा आला म्हणून... असं कसं लिहिलंत हो?"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आई मनातून काढण्याच्या नादात भाऊ कुठे उभा आहे ते त्यानं बघितलंच नव्हतं. तो खाली बसला.

"तो नाही खेळायचा," तो हळूच म्हणाला. "तूच म्हणतेस ना, तो बटणं दाबत नाही."

मागची खोली तीन दिवस रिकामी राहिली. मग पैसेवाल्या कंपनीनं सांगितलं, गेम सुरू होताना आमचं नाव सोन्यासारखं गोल फिरत यायला हवं. त्या खोलीत ते नाव गेलं. कसं अगदी मापानं बसलं.

*

गेम दुकानात गेला त्याच आठवड्यात डबा बनवणाऱ्या कंपनीनं मंच बांधला आणि नव्या डब्याची तारीख सांगितली. या वेळी खरी. इतकी वर्षं झोपलेल्यांना नेमकी तेव्हाच जाग यायची होती! जुन्या डब्यासाठी कोण काय घेणार? लोक खिसा आवळून बसले. ज्या थोड्यांनी गल्ली खेळली त्यांनी चांगलं म्हटलं. बंद खिडकीबद्दल एकानं फार सुंदर लिहिलं. भावजीनं ते अर्धं वाचलं.

तो सोडून गेला. आता फोनवरचे गेम बनवतो. फळं जुळवायची, फळं फुटतात. फळं फुटल्याचा आनंद किती वेळ टिकायला हवा हे त्याला तिथे ठरवावं लागतं. पगार चांगला आहे.

नवा डबा आला. त्यातली मेमरी कात्रीनं बघितली आणि तिला पहिल्यांदा भीतीच वाटली. जिच्यासाठी तिनं जीव टाकला ती मागची खोली या घरात दाराच्या फटीएवढी होती. साहेबांनी पैसेवाल्या कंपनीला पटवलं की गल्ली जरा घासूनपुसून नव्या डब्यावर विकू. जरा म्हणजे भिंतीवरची ओल आणि ढग. नवं बोलणं नाही, नवे कलाकार नाहीत.

तिनं भावजीला फोन लावला. "आता जागाच जागा आहे. पैसे देत नाहीत, पण आपण दोघं मिळून करू. तिला परत घाला."

पलीकडे, मागे कोणाच्या तरी फोनवर फळं फुटत होती.

"तिचं चालणं लिहायला बसलो होतो मी," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात, सहजच. डावा पाय आधी टाकायची की उजवा, आठवेना. तेव्हा सगळं आठवत होतं."

"मला आठवतं."

"तुला आठवतं ते तुझं आहे वहिनी." मग लगेच, तिला लागू नये म्हणून, "दादा कसा आहे?"

"बरे आहेत."

*

नवा डबा ऑफिसातून घरी आला तो टीव्हीखाली बरेच दिवस नुसता पडून होता. एका सुट्टीच्या दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि नवरा सोफ्यावर पाय पसरून बसला होता. पाऊणएक वर्तमानपत्र वाचून झाल्यावर तो म्हणाला, "धाकट्याचा तो गेम यातच आहे का?"

"तुम्ही कशाला? बटणं नकोत ना तुम्हाला?"

"मला परवा एकानं कामावर सांगितलं. म्हणे, तुमच्या भावानं लिफ्टवाल्यावर गेम केलाय. मला घरचं बाहेरून कळतं."

तिनं हातातला शर्ट खाली ठेवला. काहीतरी कारण काढता आलं असतं. वायर नाही, अर्धवट आहे. पण तो उठून स्वतःच वायर लावायला बसला होता, आणि वायर त्याला लावता येतेच.

सुरुवातीला पैसेवाल्या कंपनीचं नाव गोल फिरत आलं. तिनं दुसरीकडे बघितलं.

गल्ली आली. ढग पुरते, ओल प्रत्येक भिंतीला वेगळी. लिफ्टवाला पेटी घेऊन चालू लागला आणि नवरा हसला. "पेटी या हातात धरत नाहीत. या हातानं दार उघडायचं असतं. धाकट्यानं मला कधी बघितलंच नाही वाटतं."

"तुम्हालाच बघून केलंय."

न्हावी खुर्चीत होता. त्यानं वर बघितलं. "लिफ्टसाठी आलात? काल यायला हवं होतं हो. काल गेल्या त्या."

नवऱ्यानं हातातला बटणांचा कंट्रोलर मांडीवर ठेवला. पडद्यावरचा लिफ्टवालाही तसाच उभा राहिला, पेटी चुकीच्या हातात.

"हे धाकट्यानं लिहिलं?"

"हो."

"तोंडावर म्हणाला असता तरी चाललं असतं की मला."

"असं नव्हतं ते आधी," ती म्हणाली. "आधी लिफ्ट चालू व्हायची. ती खाली यायची."

"मग काय झालं?"

तिनं तोंड उघडलं. ज्या दोन शब्दांवर तिनं अख्खी नोकरी काढली होती ते दोनच शब्द आले, 'जागा नव्हती', आणि तेच तिला या घरात बोलता येईनात. त्यानंही परत विचारलं नाही. कंट्रोलर उचलला.

त्यानं लिफ्ट दुरुस्त केली. गल्लीत फिरून सामान आणलं, जे सापडायला लोकांना तास लागतात ते त्याला ताबडतोब सापडलं. लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंत जाते. वरचं कापलेलं, म्हणून तिथे 'पुढे जिन्यानं जा' असं लिहिलंय. तो जिन्यानं गेला. तिसऱ्या मजल्यावर बंद दार. त्याच्या मागे काही नाही, भिंतसुद्धा नाही, हे कात्रीइतकं कोणाला माहीत? तिनंच ते रिकामं केलं होतं.

त्यानं दार वाजवायचं बटण दाबलं.

ठक. ठक.

तो पुढे सरकून बसला. पुन्हा दाबलं. ठक, मग जरा थांबून ठक, जशी आई एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग काठी वर ठेवायची.

"अगं," तो म्हणाला, "ही आईची काठी आहे."

तिनं घडी घातलेला शर्ट परत उलगडला.

"आहे की नाही? ऐक."

"आहे."

त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. बटणावर अंगठा तसाच ठेवून तो त्या दाराकडे बघत होता. दार उघडत नव्हतं.

"थांब," तो म्हणाला, "तिला वेळ लागतो," आणि त्यानं परत बटण दाबलं.